भोग, उपभोग आणि घरचा कचरा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केळझर येथे झालेले व्याख्यान)



नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर हे गाव विदर्भातील अष्टविनायकांपैकी एका गणेशस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशीही या परिसराची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. एकचक्रानगरीच्या कथेत बकासुर नावाचा राक्षस येतो. रोज एका घराने त्याच्याकडे गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा, असा करार होता. घरे पुष्कळ असल्यामुळे एका घराची पाळी दीर्घकाळाने येई. आजच्या काळात गावोगाव जो बकासुर माजला आहे, त्याला पाळी ठाऊक नाही. तो प्रत्येक घराकडून रोज मागतो, आणि प्रत्येक घर कुरकूर न करता रोज देते. शहरात त्याच्यासाठी घंटागाडी फिरते, खेड्यात गावाबाहेरचा उकिरडा त्याचे पोट होतो. त्या बकासुराचे नाव आहे कचरा.

कचऱ्याचा प्रश्न निघाला की बहुधा नगरपालिका, ग्रामपंचायत, सफाई कामगार यांच्याविषयी चर्चा होते. ती अवश्य व्हावी. परंतु ज्या वस्तूचा कचरा होतो ती वस्तू प्रथम घराचा उंबरठा ओलांडून आत आलेली असते, आणि तिला आत घेणारा घरचाच माणूस असतो. म्हणून या विषयाचा विचार कचऱ्याच्या डब्यापासून न करता उंबरठ्यापासून करणे योग्य ठरेल.

जैन समाजाला यासाठी नवे तत्त्वज्ञान उसने आणावे लागत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत दोन व्रते अशी आहेत की, ती जणू आजच्या प्रश्नासाठीच सांगितली असावीत. पहिले अनर्थदंडविरमण. ज्यातून कोणाचे काहीही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा टाळणे, हा त्याचा अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक प्रमादचर्या हा आहे. विनाकारण माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे, निरर्थक हिंडणे ही प्रमादचर्येची उदाहरणे होत. वाहता सोडलेला नळ, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, जळत राहिलेला दिवा, कामावाचून पळणारी मोटार, यांपैकी एकही गोष्ट या यादीबाहेर नाही.

दुसरे व्रत भोगोपभोग-परिमाणाचे. त्याच ग्रंथात भोग आणि उपभोग यांत स्पष्ट भेद केला आहे. जी वस्तू एकदा वापरली की संपते तो भोग. जशी की अन्न. जी पुन:पुन्हा वापरता येते तो उपभोग. जसे की वस्त्र, भांडे, अंथरूण. (काही ग्रंथांत याच भेदाला उपभोग आणि परिभोग अशी नावे आहेत.) दोहोंची मर्यादा ठरवावी, असे व्रत सांगते. श्वेतांबर परंपरेत चौदा नियम रोज धारण करण्याचा प्रघात आहे. त्यात आज किती द्रव्ये खाईन, किती वस्त्रे वापरीन, किती वाहनांत बसेन, हे सकाळीच ठरविले जाते. म्हणजे मोजमाप आधी, आणि वापर नंतर.

आजच्या कचऱ्याचे मूळ या भेदातच सापडते. गेल्या काही दशकांत उपभोगाच्या वस्तूंना भोगाच्या वस्तू करून टाकण्यात आले. पेला उपभोगाचा होता; तो एक घोट पाण्यापुरता झाला. पिशवी उपभोगाची होती. ती दुकानापासून घरापर्यंतची झाली. ताट, वाटी, चमचा, लेखणी, दाढीचे पाते, सणाचे तोरण, सत्काराचा फलक, सर्वांची गत तीच. अन्न भोगून संपते आणि मातीत मिसळते. प्लास्टिकचा पेला भोगून होतो, पण संपत नाही. त्याचा उपयोग दोन मिनिटांचा आणि आयुष्य कित्येक पिढ्यांचे. हा विजोड हिशेब म्हणजेच कचरा.

हिशेबाचा उल्लेख आला की, वर्धा जिल्ह्यातील एका हिशेबतज्ज्ञाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा यांनी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत उभे केले. ही जागा सेठ जमनालाल बजाज यांनी दिली होती. कोळसा आणि खनिज तेल हा पृथ्वीच्या पोटातील मर्यादित साठा आहे, तर झाडे, पिके, ऊन, वारा हा अखंड वाहणारा प्रवाह आहे, अशी विभागणी कुमारप्पांनी केली. व्यापारी माणसाला ती चटकन उमजते. साठा म्हणजे मुद्दल, प्रवाह म्हणजे व्याज. जो घरखर्चासाठी मुद्दल मोडतो त्याची पेढी किती दिवस चालणार ? म्हणूनच मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला आणि हातकागदाचा उद्योग चालविला गेला. तुरुंगवासात लिहिलेला कुमारप्पांचा स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याला गांधीजींची प्रस्तावना होती.

तेथून जवळच सेगाव आहे, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा झोपडीचा खर्च कोणत्याही परिस्थितीत १०० रुपयांवर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजू ते लिहिण्यासाठी वापरीत. त्या काळी कार्बन फूटप्रिंट हा शब्द कोणाच्या कानावर नव्हता, आणि तरीही वर्धा जिल्ह्यात तो मोजला जात होता.

आज मोजण्याची साधने अधिक नेमकी झाली आहेत. मनुष्याच्या वागण्यामुळे हवेत जो कर्बवायू जातो त्याची गोळाबेरीज म्हणजे कार्बन फूटप्रिंट. भारतात ती दरडोई वर्षाला सुमारे २ टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ही समाधानाची गोष्ट खरी. पण देशाची सरासरी कमी आहे ती कष्टकऱ्यांच्या काटकसरीमुळे. ज्यांच्या घरी मोटार, वातानुकूलन आणि वर्षातून दोन विमानप्रवास आहेत, त्यांनी त्या सरासरीच्या आड उभे राहू नये.

आता घरात प्रवेश करू या. प्रथम स्वयंपाकघर.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांत दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. या आकड्यात साली, देठ यांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. पाच माणसांच्या कुटुंबाचे हे २७५ किलो झाले, म्हणजे पन्नास किलोची साडेपाच पोती. हे अन्न हवेवाचून ढिगाखाली कुजले की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. अन्न टाकताना केवळ धान्य जात नाही. त्यामागचे पाणी, खत, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस आणि असंख्य सूक्ष्म जीवही जातात.

या दुखण्यावरचे औषध घरातच होते. जेवण संपल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची जुन्या श्रावकांची रीत होती. थाळीत काही उरतच नसे, आणि भांडे घासायला पाणीही थोडे लागे. ही रीत आज हास्यास्पद वाटत असेल तर निदान तिच्यातील अर्थ घ्यावा : प्रथम थोडे वाढून घ्यावे, मग पुन्हा मागावे. घरच्या गृहिणीने रात्रीच्या उरलेल्या अन्नाचा आठवडाभर केवळ अंदाज लिहून ठेवला, तरी आठव्या दिवशी कणीक आपोआप कमी मळली जाईल.

स्वयंपाकाच्या गॅसचे एक सिलिंडर १४.२ किलोचे असते. ते जळून संपेपर्यंत सुमारे ४२ किलो कर्बवायू हवेत जातो. डाळ आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी आल्यावर ज्योत मंद करणे, कुकरमध्ये एकावर एक भांडी लावणे, यांतील एकही गोष्ट कठीण नाही. सिलिंडर चार दिवस अधिक पुरले तर ती बचत खिशातही दिसते.

उरले ओल्या कचऱ्याचे, म्हणजे साली, देठ, चहाचा चोथा यांचे. याविषयी श्रावक घरात एक शंका हमखास निघते : खताच्या खड्ड्यात जीवोत्पत्ती होते, मग ते करावे कसे ? शंका प्रामाणिक आहे. तिचा अंतिम निर्णय साधु-साध्वींना विचारूनच करावा. परंतु विचार करताना दुसरी बाजूही पाहावी. तोच ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्याकडेला टाकला तर त्यात जीवोत्पत्ती होतेच, शिवाय गाय ती पिशवी अन्नासकट गिळते. गायींच्या पोटातून तीस-चाळीस किलो प्लास्टिक शस्त्रक्रियेने काढल्याच्या घटना देशात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. एकीकडे पांजरापोळीला देणगी द्यावी आणि दुसरीकडे रोज सकाळी गाठ मारलेली पिशवी बाहेर ठेवावी, हे एका हाताने जीवदया आणि दुसऱ्या हाताने घात करण्यासारखे आहे.

आपल्या पूर्वजांची जिवाणीची पद्धत येथे मार्ग दाखविते. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे ते पाणी, त्याच विहिरीत हलकेच परत सोडले जात. ज्याचे त्याच्या ठिकाणी पोहोचविणे, हे त्यातील तत्त्व. मातीतून आलेले मातीत जावे. ताज्या साली व देठ त्याच दिवशी गुरांपुढे घालता आले तर सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर परसात कोरडा पाला आणि माती यांच्या थरांत ते मुरू द्यावे. ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे हवेसाठी छिद्रे ठेवलेले विटांचे टाके, त्यात सुमारे १०० किलो शेण, दीड टन काडीकचरा आणि चाळलेली माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत मिळते. उकिरडा हा शब्द एकेकाळी अपमानाचा नव्हता. ती शेतकऱ्याची ठेव होती. प्लास्टिक मिसळल्यापासून ती ठेव बुडाली, कारण असले खत शेतात पसरवायला शेतकरी धजत नाही.

प्लास्टिकविषयी कायदा आधीच आला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. केंद्र शासनाची एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, सवयीपर्यंत पोहोचत नाही. किराणा आणताना घरचे डबे व पिशव्या नेणे, सुटे धान्य घेणे, लहान लहान पुड्यांऐवजी महिन्याचा एकच मोठा माल भरणे, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा वेगळा होऊ न देणे, एवढ्यानेही डब्यातील भर निम्म्यावर येऊ शकेल. वेफर्स, सुपारी यांच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नसल्याने भंगारवालाही त्यांना हात लावीत नाही. जी वस्तू भंगारवाला घेत नाही ती घरात घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा, ही सोपी कसोटी आहे. आणि कचरा जाळून मोकळे होणे हा मार्ग मुळीच नव्हे. त्या धुरातील विष प्रथम घरच्याच मुलांच्या छातीत जाते.

कापडी पिशवीसंबंधी मात्र एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कापूस फुकट उगवत नाही, हे विदर्भाला सांगायला नको. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये केलेल्या तुलनेत असे आढळले की, हवामानाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरते. म्हणून प्रत्येक समारंभात नाव छापलेली नवी पिशवी वाटणे आणि ती कपाटात साठविणे, हाही परिग्रहच. जुन्या चादरीची, साडीच्या काठाची पिशवी शिवावी आणि ती विटेपर्यंत वापरावी.

वस्त्राचे आयुष्य आपल्या घरांत पूर्वी फार मोठे होते. नवी साडी सणाला, मग ती रोजच्या वापराला, मग तिचे बाळाचे दुपटे, मग गोधडीचा पदर, मग पुसणे. अखेरीस दिव्याच्या वाती. सहा अवस्थांतून जाऊन सूत संपत असे. आता कृत्रिम धाग्याचे वस्त्र दोन प्रसंगांनंतर जुने होते. त्याचा धागा खनिज तेलापासून बनतो, त्याची ना गोधडी मऊ होते ना वात जळते. वस्त्र कमी घ्यावे, चांगल्या सुताचे घ्यावे, उसवले तर शिवावे. यात दुकानदाराचा तोटा दिसत असला तरी टिकाऊ माल विकणाऱ्याचे गिऱ्हाईक टिकते, हा बाजाराचा जुना अनुभव आहे.

विजेचे म्हणाल तर विदर्भातील वीज मुख्यत्वे कोळशाची. २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र त्याचे उदाहरण. देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमहून अधिक कर्बवायू हवेत जातो. साठ वॉटच्या जुन्या दिव्याऐवजी नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला ९३ युनिटे वाचतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो, तेव्हा गारवा हवाच. परंतु दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रभरात सात-आठ युनिटे सहज घेते, तिथे वाळ्याच्या ताटीचा कूलर दीड-दोन युनिटांत भागवितो. यंत्र लावावेच लागले तर ते २४ अंशांवर ठेवावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणि कूलरमध्ये पाणी ओतताना, पाणी तुपासारखे वापरावे हे घरातील वडीलधाऱ्यांचे सांगणे विसरू नये.

आता समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. घरातील काटकसर सामूहिक कार्यक्रमात विरून जाते, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. पाचशे माणसांच्या स्वामीवात्सल्यात प्रत्येकी एक ताट, दोन वाट्या, एक चमचा आणि तीन पेले धरले तरी साडेतीन हजार वस्तू वीस मिनिटांत कचरा होतात. पेले कागदी असले म्हणून सुटका नाही. त्यांच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या मंडपाच्या कडेला पडलेल्या असतात, आणि आत अपरिग्रहावर प्रवचन चालू असते. प्रभावनेत वाटलेला प्लास्टिकचा डबा प्रत्येक घरी दहावा असतो. मुनिमहाराज अनवाणी पायी विहार करतात, आणि त्यांच्या दर्शनाला एकेका मोटारीत एकेक माणूस जातो. नागपूरहून केळझरला येऊन-जाऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. त्यास सात लिटर पेट्रोल लागले, तर सोळा किलो कर्बवायू होतो. चौघे एकत्र आले तर प्रत्येकाच्या वाट्याला चारच किलो. एसटीने आले तर त्याहून कमी.

भांडी घासायला माणसे मिळत नाहीत, पाणी लागते, असे यावर उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. परंतु वापरून फेकायच्या वस्तूंवर होणारा खर्च भांडी घासणाऱ्यांच्या मजुरीकडे वळविला तर तो गावातच राहतो, आणि थाळी स्वच्छ संपविण्याचा नियम पाळला तर पाणीही बेताचे लागते. जेथे ते अशक्यच असेल तेथे वाळलेल्या पळसपानांच्या पत्रावळी आहेत. त्या निदान मातीत परत जातात.

सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांच्या जमेचा उत्सव असतो. त्या निमित्ताने पुढील वर्षांसाठी पाच नियम सुचवावेसे वाटतात. पहिला, ट्रस्टने पाचशे माणसांच्या स्टीलच्या भांड्यांचे भांडार उभारावे आणि ते समाजातील व गावातील प्रत्येक कुटुंबाला कार्यासाठी द्यावे. दुसरा, ट्रस्टच्या कार्यक्रमात पाण्याची बाटली आणि फ्लेक्सचा फलक असू नये. कापडी फलकावर तारीख बदलता येईल अशी सोय ठेवावी. तिसरा, प्रभावनेत वस्तूऐवजी खाण्याचा पदार्थ किंवा पुस्तक द्यावे. चौथा, प्रत्येक घराने महिन्यातून एक आठवडा उंबरठ्याची वही ठेवावी. आत काय आले, त्यातील उपभोगाचे किती आणि एकदाच वापरून फेकायचे किती, हे लिहावे. पाचवा, पर्युषण पर्वात जसा उपवासाचा संकल्प होतो तसा एकेका फेकाऊ वस्तूच्या कायमच्या त्यागाचा संकल्प व्हावा. दर वर्षी एक वस्तू सुटली तरी दहा वर्षांत घर ओळखू येणार नाही.

यातील एकाही नियमाला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती जागरूकता, जिला शास्त्राने अप्रमाद म्हटले आहे. एकचक्रानगरीचा बकासुर एका भीमाने संपविला. आजच्या बकासुरासाठी भीमाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्या गाड्यात रोज भर घालणारे हात घराघरांत आहेत. ते थांबले की त्याची उपासमार सुरू झालीच.

जय जिनेंद्र !